मामाच्या पानावरचे सात वडे

जळगावहून निघताना पिशवीत एक सदरा, मामीसाठी भरताची वांगी आणि तळहाताएवढा वजनकाटा होता. काट्याचं कारण असं, की दीड महिन्यापूर्वी डॉक्टरांनी माझी साखर पाहून तीन महिन्यांची मुदत दिली. वजन उतरवा, नाहीतर गोळ्या सुरू. आईच्या माहेरी साखरेनं कोणालाच सोडलेलं नाही, त्यामुळे मी चांगलाच घाबरलो. आहारतज्ज्ञ बाईंनी ‘फ्लेक्सिबल डाएट’ लावून दिलं. म्हणजे काहीही खा, फक्त दिवसाअखेर बेरीज जमली पाहिजे: अठराशे कॅलरी, एकशे दहा ग्रॅम प्रथिनं, साठ ग्रॅम चरबी, उरलेली कर्बोदकं. मी शाळेत गणित शिकवतो, तरी ही बेरीज मला एकदाही जमलेली नाही. प्रथिनं भरायला जावं तर चरबी वर जाते, आणि चरबी आवरली की पोट ओरडतं.

जायचं होतं वाकोल्याला. मामा जाऊन वर्ष होत आलं होतं आणि त्याचा पहिला म्हाळ (पितृपक्षातलं श्राद्धाचं जेवण) होता. मामीकडे दुपारी तळण असणारच, म्हणून प्रथिनं सकाळीच उरकावीत असा बेत करून मी कुर्ला टर्मिनसला उतरलो तो थेट रिक्षानं घाटकोपरला गेलो. तिथे एक गुजराती मावशी रस्त्याच्या कडेला पुडले (मुगाची धिरडी) घालत होत्या. पुडला हातात येताच मी काटा काढला.

“सोना है क्या, भाई?” मावशींनी विचारलं.

पुडला अडुसष्ट ग्रॅम भरला. फोनमधल्या कॅलरी मोजणाऱ्या ॲपला तेलही हवं होतं, म्हणून मी मावशींना विचारलं, “तेल कितना डाला?”

त्यांनी तव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “जितना लगता है, उतना.”

फोनमध्ये असा पर्याय नव्हता. मी अंदाजानं पाच ग्रॅम लिहिलं, मग भीती वाटून दहा केलं. तीन पुडले खाल्ले तरी प्रथिनं काही पुढे सरकेनात. पुन्हा रिक्षा पकडली. लिंक रोडच्या पुलावरून एका बाजूला निळ्या ताडपत्र्या आणि दुसऱ्या बाजूला काचेच्या इमारती दिसत होत्या, पण माझं लक्ष फोनमधल्या आकड्यांवर होतं.

वाकोल्याच्या गल्लीत मामेभाऊ संदेश उभाच होता. “चल लवकर. आई तुझ्यासाठी थांबलीय. तूच बसणार पानाला.”

“कुठल्या पानाला?”

“पप्पांच्या, अजून कोणाच्या? भाचा आहेस ना तू!”

हे मला कोणी कळवलं नव्हतं. त्यांच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं एकाला बसवतात. तो जेवला की गेलेला माणूस जेवला. मामीनं माझे पाय धुतले, कपाळाला गंध लावलं आणि विचारलं, “सकाळपासून काय खाल्लंस नाय मां?”

“नाही,” मी म्हणालो. तीन पुडले पोटात गप्प बसले होते.

“आज तू माझो भाचो नाय. तू तेंच्या जाग्यार (त्यांच्या जागी). पोटभर जेव हां.”

केळीच्या पानावर वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, भोपळ्याची भाजी, भात-डाळ आणि खीर होती. वास असा, की माझं डोकंच फिरलं. आणि नेमकं तिथेच मी माती खाल्ली. सवयीनं खिशातून काटा काढला आणि पहिला वडा त्यावर ठेवला.

मामी पाठ फिरवून आत गेली.

संदेश माझ्या शेजारी उकिडवा बसला. “काय रे तू, यार! शेवटचं वर्षभर आई पप्पांना असंच मोजून वाढायची. डॉक्टरनी सांगितलेलं ना. शेवटच्या दिवशी त्यांनी अजून एक भाकरी मागितली. तिने नाही दिली. आता रोज म्हणते, माझा माणूस उपाशी गेला.”

मला फार लाज वाटली. काटा खिशात घातला आणि हाक मारली, “मामी, वडे आण.”

ती आली. डोळे पुसलेले होते. मी खायला लागलो. तिसऱ्या वड्यापर्यंत डोकं आपोआप बेरीज करत होतं, चौथ्याला ती चुकली आणि पाचव्यानंतर थांबली. सात वडे खाल्ले, दोन वाट्या खीर प्यालो. मामी समोर बसून एकेक घास पाहत होती. तिला आणखी वाढायचं होतं, पण माझ्यात जागाच नव्हती. “झालां?” तिनं विचारलं. मी मान हलवली. तिचं समाधान झालं की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

परतीच्या गाडीत फोन उघडला. दुपारचं जेवण कोणाच्या नावावर लिहू? जेवलो मी, पण सगळ्यांच्या मते जेवला मामा. साखर मात्र माझीच वाढणार. माझ्या आहारतज्ज्ञ बाईंना हे कसं समजावणार होतो? आणि खरं सांगायचं तर मलाच काही समजत नव्हतं, कारण कसारा गेला, घाट चढून गाडी इगतपुरीला थांबली, आणि मला सपाटून भूक लागली. सात वडे जिरवून एवढी भूक? घाटाच्या हवेनं म्हणावं, की घरी मापात खाऊन लागलेली सवय म्हणावी, काही उमगेना.

तेवढ्यात मामीचा फोन आला. “पोचलंस काय रे?”

“अजून वाटेत आहे. मामी, मला भूक लागलीय.”



“खरां सांग.”

“खरंच गं. सकाळपासून काही खाल्लंच नाही, असं वाटतंय.”

मामी रडायला लागली. मग रडता रडताच तिनं संदेशला हाक मारल्याचं मला ऐकू आलं, “अरे संदेश, ते जेवले रे!”