यादीतला वरवंटा

मार्च महिन्यातला दुसरा शनिवार. ठिकाण नैरोबीचं रेल्वे स्टेशन. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कोटाच्या आतल्या खिशात तीनशे वीस शिलिंग. हजर माणसं: अण्णा, आई, नऊ वर्षांचा मी आणि निरोपाला आलेली शेजारची दोन कुटुंबं. त्यांतलं एक पुढच्या महिन्यात लंडनला जाणार होतं, दुसरं कुठेच जाणार नव्हतं. सामान एकूण सात नग. त्यांची यादी माझ्या हातात होती, कारण ती मीच केली होती. अण्णांनी चार पानं आखून दिली होती आणि कुठल्या पेटीत काय आहे ते मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. सातव्या नगात तिसरी नोंद: पाटा-वरवंटा, एक जोडी.

संध्याकाळची मोंबासाची गाडी हलली. सगळे प्लॅटफॉर्मकडे बघून हात हलवत होते, पण आई दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसली. तिकडे निलगिरीची झाडं होती आणि त्यांच्यामागे काहीच दिसत नव्हतं. त्या शहराचा उजेड मला अजून स्वप्नात दिसतो. उंचावरचा, पातळ, धुतल्यासारखा. स्वप्नात माणसं नसतात, उजेड मात्र असतो.

ते शहर गोऱ्यांनी स्वतःला राहायला म्हणून वसवलं होतं. आधी रूळ आले, मग शहर. टेकडीवर त्यांचे बंगले आणि कापून सारखी केलेली कुंपणं. मधल्या पट्ट्यात आम्ही: रेल्वेचे कारकून, दुकानदार, सुतार, मास्तर. आणि खाली, सखल भागात, ज्यांचा तो देश होता त्यांच्या खोल्यांच्या रांगा. माझे आजोबा रेल्वेच्या हिशेब खात्यात लागले, मग तिथेच अण्णा. माझ्या वेळेपर्यंत गोरे बरेचसे निघून गेले होते, पण त्यांनी आखलेल्या रेघा जमिनीवर तशाच होत्या. कोणी कोणत्या रस्त्याने चालायचं, हे न सांगता सगळ्यांना कळायचं. मग अण्णांची जागा त्या देशाच्या नागरिकाला मिळाली. अण्णांनी त्याला तीन आठवडे काम शिकवलं आणि किल्ल्या दिल्या. पुढे दिल्लीत कोणी त्याबद्दल हळहळ केली, की ते म्हणायचे, "त्यांचं काही चुकलं नाही. आपण मधल्या पायरीवर बसलो होतो. ती कोणाची, हे आपण कधी विचारलंच नाही."

बोटीने मुंबई, तिथून दिल्ली. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मामाकडे उतरलो. दोन खोल्या, माणसं सहा. पेट्या अंगणात उघडल्या. मामा यादी वाचत होता, मी वस्तू काढून दाखवत होतो. सातव्या नगापाशी गाडी अडली.

"पाटा आला. वरवंटा कुठंय, मुनीमजी?" मामा म्हणाला.

मी पेटीत शिरून शोधलं. गवत उपसलं, पोती झटकली. नव्हता.

"आफ्रिकेत पाट्यावर हातानेच वाटतात वाटतं!" मामी दारातून म्हणाली आणि सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी यादी घेतली, त्या नोंदीवर काट मारली आणि म्हणाले, "लिहिण्याआधी हात लावून बघावं." आई शेगडीपाशी होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

ते वाक्य माझ्या अंगात मुरलं. मी हिशेबाच्या धंद्यात गेलो. गुरुग्रामच्या ऑफिसात तीस वर्षं झाली. स्टॉकची तपासणी असली की मुलं संगणकावरून आकडे देतात; मी गोदामात जाऊन खोक्याला हात लावून येतो. ते मागे हसतात, हे मला ठाऊक आहे. पाटा मात्र आमच्याबरोबर फिरला. तीन भाड्याची घरं, मग मयूर विहारमधला सोसायटीचा हा फ्लॅट. त्याच्यावर कधी काही वाटलं गेलं नाही. आधी कुंडी ठेवली, मग इस्त्री. माझी चूक म्हणून तो घरात राहिला.

आई आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. हृदय दुबळं झालंय, विमानप्रवास डॉक्टरांनी मना केलाय. थंडीत बाल्कनीच्या उन्हात बसते आणि तिची दोन शहरं एकमेकांत मिसळतात. यमुनेवरचं धुकं बघून म्हणते, आज टेकडी दिसत नाही. भाजीवाल्याला "असांते" म्हणून स्वाहिलीत आभार सांगते. तोही आता "असांते, माताजी" म्हणतो. दिल्लीत आल्यावर तिला पहिल्यांदा गोऱ्यांनी बांधलेला पांढऱ्या खांबांचा गोल बाजार दाखवला, तेव्हा ती म्हणाली होती, "हे बांधणारे साहेब मला माहीत आहेत." सरोजिनी नगरचं ते क्वार्टर पाडलं, तिथे टॉवर उभे राहिले, हे तिला दोनदा सांगून झालं. ती मान हलवते आणि विचारते, "पण मामी स्वयंपाक कुठे करते मग?"

गेल्या डिसेंबरात माझी मुलगी ईशा आली. गुरुग्रामला तिने नवा फ्लॅट घेतलाय आणि तिला आमचा पाटा शोभेसाठी हवा होता.

"बाबा यार, इसका वो दुसरा पार्ट कुठंय? ज्याने घासतात तो?"

"वरवंटा. तो माझ्याकडून हरवला. नैरोबीत."

"हरवला नव्हता," आई डोळे मिटूनच म्हणाली. "मी काढून घेतला पेटीतून."

मला वाटलं, झोपेत बोलतेय. पण तिने डोळे उघडले. "शुक्रवारी. तू शाळेचा दाखला आणायला गेला होतास तेव्हा. बाळापाशी नेऊन ठेवला."

बाळ म्हणजे माझी बहीण. मी सहा वर्षांचा असताना झाली आणि अकरा दिवसांनी गेली. बाराव्या दिवशी बारसं होतं. आमच्याकडे बारशाला आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्यात निजवतात, मग बाळाला. आईने तो घासूनपुसून ठेवला होता. एवढ्या लहान मुलांना जाळत नाहीत, पुरतात. हिंदू स्मशानभूमीच्या मागच्या कोपऱ्यात तिला ठेवलं. तीन वर्षांनी देश सोडायची वेळ आली, तेव्हा आईने तिच्या पाळण्याचा तो ठरलेला सोबती तिच्याजवळ नेऊन उभा केला.

"आणि मला बोलणी खाऊ दिलीस?" मी म्हणालो. पन्नाशी कधीच उलटली होती माझी, पण आवाज नऊ वर्षांचा निघाला.

"अण्णांनी बजावलं होतं, दिल्लीत बाळाचा विषय नको. मग वरवंट्याचं काय सांगणार होते मी?"

"नंतर सांगायचंस."

"नंतर तू इतका नीट वागायला लागलास... म्हटलं, राहू दे." ईशा फिसकन हसली. आई मात्र हसली नाही. "नंदू, मला तो एकदा हातात घ्यायचाय. आणशील?"

मी चार दिवसांची रजा काढली. वजन अंदाजे चार किलो. केबिनमध्ये दगड नेऊ देणार नाहीत, म्हणून मोठी बॅग रिकामी घेतली.

नैरोबीत आमचं क्वार्टर सापडलं नाही. टेकडीवर काचेच्या इमारती आहेत, त्यांतून सुटात आणि उंच टाचांच्या बुटांत बाहेर येणारे आता ज्यांचा देश तेच लोक आहेत. मला बरं वाटलं. अण्णांनाही वाटलं असतं. उजेड मात्र तोच होता, आणि त्यात चालताना मी जागा आहे की नाही, याची खात्री होईना.

स्मशानभूमीच्या कचेरीत सत्तरीचे एक गुजराती गृहस्थ होते. ते मला मागच्या कोपऱ्यात घेऊन गेले. बुटकी हिरवळ, ओळीने लहान लहान दगड, बहुतेकांवर नाव नाही. आणि मध्ये चौथऱ्यावर आमचा वरवंटा उभा, डोक्यावर अभिषेकाची तांब्याची गळती, अंगावर भस्म, दुधाचे ओघळ, बेल, झेंडू.

"बाल महादेव," गृहस्थ हात जोडून म्हणाले. "चालीस साल से ऊपर हो गए, भाई. स्वयंभू हैं."

सातव्या नगातले आहेत, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी खाली बसलो आणि हात लावून बघितलं. एका टोकाला टवका उडालेला होता. तो मी पाडला होता, बदाम फोडताना. तोच होता.

मी आईला व्हिडिओ कॉल लावला. कॅमेरा वरवंट्याकडे वळवला.

"अगं बाई. दूध घालतात त्याला? लसूण-खोबरं वाटलंय मी त्याने!"

"मी इथल्या समितीशी बोलतो. बॅग आणलीय."

तेवढ्यात एक तरुण बाई आली. सलवार-कमीज, हातात लहान स्टीलचा पेला. तिने आमच्याकडे पाहिलं नाही. दूध वाहिलं, वरवंट्यावर तळवा ठेवला आणि तशीच उभी राहिली.

"ती कोण?" आईने हळू आवाजात विचारलं.

"माहीत नाही. तिचंही बाळ इथे असेल."

फोनमध्ये मयूर विहारच्या कबुतरांचा आवाज येत होता. मग आई म्हणाली, "राहू दे."

"तुला हातात घ्यायचा होता ना?"

"तिचा हात आहे ना त्याच्यावर. राहू दे."

कचेरीत जुनं रजिस्टर निघालं. नोंद अण्णांच्या अक्षरात होती: मुलगी, वय अकरा दिवस, वडिलांचं पूर्ण नाव. मुलीच्या नावाचा रकाना कोरा. अण्णांनी आयुष्यात कुठलाच रकाना कोरा सोडला नव्हता. मी आईला फोनवर विचारलं, नाव काय ठरलं होतं?

"शुभदा. त्यांनीच शोधलं होतं. मग कधी उच्चारलं नाही."

गृहस्थांनी पेन माझ्या हातात दिलं. मी लिहिलं.

घर कुठलं, असं मला दिल्लीत मराठी लोक विचारतात आणि पुण्याचं की नागपूरचं याची वाट बघतात. इतकी वर्षं मी मयूर विहार म्हणायचो. आता एवढं समजतं, की घराच्या काही वस्तू आपल्याकडे असतात, काही दुसरीकडे वापरात असतात, आणि दोन्ही मिळून ते घर असतं. माझी बॅग रिकामी परत आली.

नाव चढवायला काही शुल्क नव्हतं. मुलांच्या कोपऱ्याच्या देखभालीसाठी दोन हजार शिलिंग रोख दिले, स्मशानभूमीच्या समितीला. पावती कोणाच्या नावे करू, असं गृहस्थांनी विचारलं. मी सांगितलं, त्यांनी अक्षरं विचारून विचारून लिहिलं: देणार, कुमारी शुभदा.