बिअरच्या मडक्यातलं दही

माझ्या आईला न्यूझीलंड आवडलं होतं. हवा आवडली, रस्ते आवडले, फक्त तिथे दही लागत नव्हतं. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. मी आणि नवरा दोघंही सॉफ्टवेअरमधले, ऑकलंडला बॉटनी डाउन्समध्ये राहायचो, आणि आई सहा महिन्यांसाठी पुण्याहून आली होती, तीही ऐन हिवाळ्यात. रोज संध्याकाळी ती निळ्या झाकणाचं सायीचं दूध कोमट करायची, विरजण घालायची, पातेलं माझ्या चांगल्या स्वेटरमध्ये गुंडाळायची आणि गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात नवऱ्याच्या वाळत घातलेल्या पोहायच्या टॉग्जशेजारी ठेवायची. सकाळी उघडलं की तार सुटलेलं पांढरं पाणी. मग दिवसभर ती माझ्यावर चिडायची, जणू त्या गाई मीच पाळल्या होत्या.

"अगं, दुकानात मिळतं की," मी म्हणायचे.

"ते दही नव्हे. ते डब्यातलं औषध."

त्याच सुमारास ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीनं एक काम अंगावर घेतलं. ती दक्षिण आफ्रिकेतली, झुलू. आमच्या भागातल्या लायब्ररीत आफ्रिकी कलावस्तूंचं प्रदर्शन भरायचं होतं आणि ओळखीपाळखीच्या घरांतून वस्तू गोळा करायचं काम हिच्याकडे आलं. तिचं भाड्याचं घर इतकं ओलं, की कमरेच्या पट्ट्यांनासुद्धा बुरशी यायची. म्हणून मंगळवार ते शुक्रवार सगळं सामान आमच्याकडे ठेवायचं ठरलं.

तीन खोकी आली. पश्चिम आफ्रिकेतले दोन लाकडी मुखवटे, मण्यांचे रुंद गळपट्टे, हातमागाचं भगवं-हिरवं कापड. मुखवटे तिच्या मुलखातले नव्हतेच. "पण लायब्ररीवाल्यांना मुखवटे हवेतच," ती डोळे फिरवत म्हणाली. शेवटी ती गाडीतून एक मडकं घेऊन आली. पुढच्या सीटवर बसवून त्याला चक्क सीटबेल्ट लावला होता. गोल, काळंभोर, आरशासारखं गुळगुळीत, गळ्याभोवती बारीक फोडांसारखी नक्षी.

"हे माझ्या आईनं घडवलं," ती म्हणाली. "ती गेली तेव्हा माझे व्हिसाचे कागद अडकले होते, मला जाता आलं नाही. तिच्या हातचं माझ्याकडे एवढंच आहे."

"एक ओरखडा उठणार नाही," मी छातीठोकपणे म्हणाले. आणि आईला बजावलं, "यातल्या कशालाही हात लावायचा नाही."

बुधवारी घरी आले तर दोन्ही मुखवटे दिवाणखान्यात, स्टीलच्या दोन ताटांत, तांदळाच्या राशीवर विराजमान! पापाटोएटोच्या भारतीय दुकानातून आणलेला अख्खा पाच किलो बासमती कामी आला होता.

"आई, हे काय?"

"मुखवटा कधी जमिनीवर ठेवतात का? गौरी ठेवतो का आपण जमिनीवर? कुणाचे का असेनात, देवच असणार. हा डावीकडचा मात्र अगदी तुझ्या थोरल्या काकांसारखा आहे. तसाच रुसलेला."

खरंच तसाच होता. मी हसत सुटले आणि तिथेच चुकले. बाकीच्या सामानाकडे बघायचं राहूनच गेलं.

गुरुवारी आईचा उपास. संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी आणि सोबत दही. दही म्हणजे काय सांगू! सुरीनं कापावं असं घट्ट, वर सायीचा पिवळसर थर. नवऱ्यानं तीन वाट्या हाणल्या आणि वाटी बोटानं निपटून काढली. आई एवढी खूश, की जावयाला चौथी वाढायला निघाली.

"लागलं की गं शेवटी! कसं काय?" मी विचारलं.

"मातीचं भांडं हवं होतं बघ. ते मडकं घेतलं. नवं म्हणून दिवसभर भिजवलं, मग काथ्यानं खसाखसा घासलं. काय काळं निघालं गं त्याचं! कुणी धुतलेलंच दिसत नव्हतं."

माझ्या हातातला चमचा खाली पडला. धावत जाऊन पाहिलं. मडकं दह्यानं निम्मं भरलेलं आणि पोटावर तळहाताएवढा भाग फिका, विटकरी. तो काळा रंग म्हणजे मळ नव्हता. धुरात भाजून, चरबी चोळून, दगडानं घोटून मैत्रिणीच्या आईनं तो आणला होता, असं तिनंच मला सांगितलं होतं. मी आईला हे सगळं ओरडून सांगितलं, आणि रागाच्या भरात हेही सांगितलं, की यात ते लोक ज्वारीची बिअर पितात.

आई मटकन खुर्चीत बसली. "दारूचं? अगं बाई! आणि माझा गुरुवार?" मग थोड्या वेळानं, "पण ज्वारीची का? इतकी चांगली ज्वारी, भाकऱ्या करायच्या सोडून?"

शुक्रवारी मी अर्धी रजा टाकली. नवरा पायातल्या रबरी जँडल्स फटफटवत बुटाचं काळं पॉलिश घेऊन आला. "हळूच मारू. दिसणारही नाही." मी त्याला स्वयंपाकघरातून हाकललं. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही मोह झाला होता. निदान दही तरी काढून ठेवू या म्हटलं, तर आई अडून बसली. "जसं आहे तसं तिला दाखवायचं. मी केलंय, मीच सांगणार. तू मध्ये बोलायचं नाहीस."

मैत्रीण आली. "किया ओरा," असा तिथला रामराम करत हसत आत आली आणि ओट्यावरचं मडकं बघून थबकली. आई पदर खोचून पुढे झाली.

"आय वॉश. आय पुट मिल्क. माय मिस्टेक. व्हेरी सॉरी." मग श्वास घेऊन, "बट कर्ड फर्स्ट क्लास."

त्या फिक्या डागावरून तिनं हळूहळू हात फिरवला. मला रडू फुटलं. आता ही माझं तोंडही बघणार नाही, आणि बघू नयेच, असं वाटलं. तिनं वाकून मडक्यात नाक घातलं, मग बोट बुडवून चाटलं.

"अमासी," ती म्हणाली. तिच्या घरी विरजलेल्या दुधाला तोच शब्द.

मग तिनं चमचा मागितला आणि उभ्या उभ्याच खायला लागली. खाता खाता डोळ्यांतून पाणी. "चार वर्षं मी हे नुसतं पुसून ठेवत होते," ती म्हणाली. "थेंबभर पाणी घालायची हिंमत झाली नाही. आईनं पाहिलं असतं ना, तर मलाच झोडपलं असतं. रिकामं कशाला ठेवलंस म्हणाली असती." डागाचं काय, असं मी भीत भीत विचारलं. "तो पुन्हा घोटता येतो. आई दरवर्षी चरबी चोळायची."

मी भाषांतर करताच आई ताठ झाली. "चरबी माझ्या स्वयंपाकघरात यायची नाही!" मग तोडगा निघाला, खोबरेल तेलाचा. दोघी फरशीवर फतकल मारून बसल्या. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला धड इंग्रजी. आई एका हातानं मडकं चोळत होती आणि दुसऱ्या हातानं तिची पाठ.

शनिवारी आम्ही सगळे लायब्ररीत गेलो. काकांसारखा मुखवटा रुसून टांगलेला, कापड भिंतभर पसरलेलं, गळपट्टे काचेखाली. मधल्या चौथऱ्यावर मात्र काहीच नव्हतं. लायब्ररीच्या बाई वैतागून येरझाऱ्या घालत होत्या. चौथऱ्यावर मैत्रिणीच्या अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं एक कार्ड होतं. आईनं मला ते वाचायला लावलं आणि मराठीत सांग म्हणाली. मी सांगितलं: "मडकं. माझ्या आईनं घडवलेलं. सध्या वापरात आहे."