साताऱ्याचं वजन

पेपरात देशातल्या वजनदार शहरांची यादी आली होती. कुठल्या शहरातली माणसं किती जाड, त्यावरून लावलेले नंबर. त्यात ना सातारा होतं, ना सांगली. खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण सांगलीच्या सुभेदारांनी त्या पानाचा फोटो आमच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "साखरेचा पट्टा आपला, गूळ आपला, आन यादीत आपलंच नाव न्हाई? ह्यो अन्याय हाय."

ग्रुप म्हणजे माझ्या नवऱ्याच्या पलटणीतून निवृत्त झालेली माणसं आणि त्यांच्या बायका. कुणी साताऱ्यात घर बांधलं, कुणी सांगलीत, कुणी कराडला, कुणी इस्लामपूरला. उभं आयुष्य पहाटे उठून धावलेली ही माणसं निवृत्तीनंतर जी बसली ती बसलीच. तर ठरलं असं, की आपली यादी आपणच करायची. प्रत्येक गावातली चार जोडपी धरायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी काट्यावर उभं राहायचं आणि प्रत्येकाचा आकडा, गावाची बेरीज ग्रुपवर टाकायची. वर्षाच्या शेवटी ज्या गावाचं वजन सगळ्यात जास्त भरेल, त्यानं बाकीच्या गावांना मटणाचं जेवण घालायचं. वजन कमी करायची स्पर्धा आणि शेवटी मटण! ही अक्कल आमच्याच माणसांना सुचावी.

माझं माहेर सांगलीचं आणि सासर साताऱ्याचं, त्यामुळे दोन्हीकडून बोलणी मलाच. सांगलीकर म्हणायचे, "वहिनी, तुमचं वजन इकडं धरायचं का तिकडं?" मी म्हणायचे, जेवण कुठं आहे ते आधी सांगा. पण साताऱ्याचं खरं वजन म्हणजे आमचे हे. उंच, रुंद, दारातून आत आले की खोलीतला उजेड कमी व्हायचा. लग्नात माझ्या आत्यानं त्यांना पाहून म्हटलं होतं, "जावई खात्यापित्या घरचा दिसतोय." त्यावर आई हळूच म्हणाली होती, "घरचं संपवून आलाय की काय?"

आमच्या साताऱ्याच्या चौघांपैकी एकाचं खत-बियाणांचं दुकान आहे. तिथल्या पोती मोजायच्या काट्यावर आमची वजनं व्हायची. पुरुष सकाळी सातलाच जायचे आणि आम्ही बायका घरातलं आवरून दहाच्या सुमाराला. माणसं काय काय करायची! कुणी आदल्या रात्री जेवायचं नाही, कुणी पट्टा काढून ठेवायचं, एका वहिनींनी तर बांगड्या उतरवल्या. ह्यांचं मात्र सगळं उलटं. हे पोटभर चहा-चपाती खाऊन, अंगात जुनं हिरवं लष्करी जॅकेट घालून जायचे. दुकानवाले भावजी वैतागायचे. "गड्या, जरा कमी कर की रं. तुझ्यापायी आमाला समद्यांना जेवण घालाय लागंल." हे नुसते हसायचे.

दिवाळीनंतर मला पहिल्यांदा काहीतरी वेगळं दिसलं. हे जेवायला बसले होते आणि हात वर केला तसं मनगटावरचं घड्याळ घरंगळत पार कोपराकडे गेलं. मग मी बघायलाच लागले. शर्टाची कॉलर मानेपासून सुटलेली. गालाखाली एक सावली आलेली. ताटातली अर्धी भाकरी तशीच राहायची आणि "आज भूक न्हाई" असं म्हणून ते उठायचे. मी रोज उरलेली भाकरी मोजायला लागले.

याचं कारण माझे वडील. तेही असेच उतरले होते. ते शाळेत मास्तर होते, अंगानं स्थूल. साठीनंतर त्यांचं वजन आपोआप कमी व्हायला लागलं तेव्हा अख्खी गल्ली कौतुक करत होती. मास्तर, काय खाता, आम्हालाही सांगा. मी माहेरी गेले की मीही म्हणायचे, बापू, किती छान दिसता हो! बापू आरशात बघून खूश व्हायचे. पोटात काय वाढत होतं ते कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. शेवटी बापूंना दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा ह्यांनी एकट्यानं त्यांना उचलून गाडीत ठेवलं. त्या दिवसापासून कुणी कुणाला "बारीक झालास, छान दिसतोस" म्हणालं की माझ्या अंगावर काटा येतो.

मी ह्यांना विचारलं, "तुम्ही उतरलाय का हो?"

"कुठं? रविवारी काट्यावर हुबा न्हवतो का? हाय तेवढंच हाय."

"घड्याळ ढिलं झालंय."

"पट्टा जुना झाला. काटा काय खोटं बोलतुया व्हय?"

आणि खरंच, ग्रुपवर दर महिन्याला ह्यांचा आकडा यायचा तो जवळजवळ तोच. पावशेर इकडे, पावशेर तिकडे. सांगली खाली आली, इस्लामपूर खाली आलं, कराडनं तर चालण्याचा धडाकाच लावला होता. सातारा मात्र पहिल्या नंबरावर ठाण मांडून बसलेलं. मी तो आकडा पुन्हा पुन्हा बघायचे. आकडा दिसला की तासभर बरं वाटायचं. मग हे आंघोळ करून बाहेर यायचे, पाठीची हाडं दिसायची आणि मी परत फोन उघडायचे. मला वाटायला लागलं, माझ्याच डोळ्यांना काहीतरी झालंय. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. बापूंचं बघितल्यापासून मी सगळीकडे तेच बघते, अशी मी स्वतःची समजूत घातली. एकदा घरात वापरायचा लहान काटा विकत आणला, तर हे त्यावर पाय ठेवीनात. म्हणाले, "घरचं धरत न्हाईत." मी भांडले, ते फिरायला निघून गेले. त्या काट्यावर मी एकटीच उभी राहायचे. काळजीनं माझंच वजन उतरत होतं.

साताऱ्याचा वारा ज्यांनी खाल्लाय त्यांना माहीत आहे, इथं दाराला आधार लागतो. आमच्या घरात त्यासाठी सासऱ्यांची लोखंडी वजनं आहेत. ते बाजारात शेंगा विकायचे, त्या काळातली, एक किलोची आणि दोन किलोची. प्रत्येक दाराशी एक ठेवलेलं असतं. माघातल्या एका रविवारी हे वजनाला गेल्यावर आतलं दार धाडकन आपटलं. बघते तर दाराशी वजन नाही. स्वयंपाकघराच्या दारालाही नाही. घर झाडताना कुठं सरकवलं असेल म्हणून मी शोधलं, सापडलं नाही. दुपारी पाहिलं तर सगळी आपापल्या जागी. माझंच काहीतरी चुकलं म्हणून मी सोडून दिलं.

पुढच्या महिन्याच्या रविवारी दार परत आपटलं. फाल्गुन लागला होता, थंडी कधीच सरली होती, आणि तरी हे जॅकेट घालून गेले होते. मी घरभर फिरले. एकही वजन जागेवर नव्हतं. जॅकेटला आत-बाहेर खिसेच खिसे आहेत, हे माझ्या डोक्यात आलं आणि मी तिथंच, दाराच्या चौकटीत, खाली बसले. माझे डोळे ठीक होते. आणि ह्यांना सगळं माहीत होतं.

मी कणीक तशीच टाकली, चपला अडकवल्या आणि दुकान गाठलं.

बियाण्यांच्या पाकिटांना टेकवून फोन ठेवला होता. फसवाफसवी नको म्हणून सांगलीचे सुभेदार व्हिडिओवरून लक्ष ठेवायचे. हे काट्यावर उभे होते. मला बघून म्हणाले, "तू आत्ताच कशी?"

मी म्हटलं, "अहो, जॅकेट काढा."

"ऱ्हाऊ दे. गार वारं हाय."

दुकानवाले भावजी खूश झाले. "आवं, वहिनी बराबर म्हणत्यात. काढ की. तेवढंच साताऱ्याचं वजन कमी हुईल!"

फोनमधून सुभेदार ओरडले, "चालायचं न्हाई! पयल्यापास्नं जॅकेटवर मोजलंय, आताबी जॅकेटवरच. वहिनी, म्हायेर इसरलासा व्हय?"

सगळे हसले. हे हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं की मला कळलंय. मग एकेक बटण काढत त्यांनी जॅकेट उतरवलं. भावजींनी घ्यायला हात पुढे केला आणि त्यांचा हात जॅकेटसकट खाली गेला. एक वजन खिशातून निसटून फरशीवर खणकन पडलं.

"आरं, लोखंड? ह्यात लोखंड भरलंयस?"

मग जो गलका झाला! "फितूर हाय रं ह्यो! बायकोच्या म्हायेरासाठी सातारा बुडवायला निघालाय!" सुभेदार फोनमध्ये पोट धरून हसत होते, आपला माणूस पकडला गेला म्हणून. एवढ्यात काट्यावरचा आकडा थरथरला आणि थांबला. सात-आठ किलोंनी खाली. "सुटलो!" असं म्हणत भावजींनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी शिट्टी मारली. त्यांना आकडा दिसत होता. मला समोर बापू दिसत होते. आणि ज्यांचं वजन होतं ते मान खाली घालून काट्यावरून उतरले. आकड्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. तो त्यांना पाठ होता.

घरी आल्यावर मी तोंडाचा पट्टा सोडला. शत्रूला फसवायचं शिकवलं होतं ते बायकोवर वापरलंत का? कधीपासून हे?

"दिवाळीपास्नं. आधी एकच घिऊन गेलो. म्हनलं, म्होरल्या म्हयन्यात भरून निघंल. मग दुसरं घ्यावं लागलं, मग तिसरं, चवथं." ते जमिनीकडे बघत बोलत होते. "तुझ्या बापूंचं तू बघितलंयस. आकडा बघून तू झोपायचीस गं."

"मी झोपत नव्हते," मी म्हटलं. "मी रोज रात्री तुमच्या पाठीवर हात ठेवून जागी असायचे. मला भीती वाटू नये म्हणून तुम्ही मला एकटीला भीत ठेवलंत. मला वाटलं मी वेडी झालेय." आणि मग मी रडले. ते जवळ आले नाहीत, कारण जवळ आलं की मी हाडं मोजीन, हे त्यांना ठाऊक होतं.

हे लिहितेय तेव्हा तपासण्या झाल्यात आणि शेवटचा रिपोर्ट यायचाय. साखर असू शकते, गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी बिघडलेली असू शकते, किंवा बापूंना झालं होतं ते असू शकतं. मी रोज देवापुढं उभी राहून साखर मागते. साखरेच्या पट्ट्यातल्या बाईनं मधुमेहासाठी देव पाण्यात ठेवावेत, अशी वेळ आलीय. ग्रुपवर आम्ही अजून काही सांगितलेलं नाही. तिथं नवी यादी लागलीय. सातारा पहिल्या नंबरावरून एकदम खाली आलं म्हणून अभिनंदनाचे हार, फुलं, टाळ्या चालू आहेत. फोन वाजला की मी उलटा ठेवते. ती माणसं वाईट नाहीत. आम्हीही बापूंच्या वेळी टाळ्याच वाजवल्या होत्या.

त्या रविवारनंतर सोमवारी आम्ही दवाखान्यात गेलो. रांगेत बसलो. आमचा नंबर आला तशी नर्स म्हणाली, "काका, आधी वजन करून घ्या." कोपऱ्यात साधाच काटा होता. हे उठले. मी काही बोलायच्या आत त्यांनी खिशातून फोन काढून माझ्या ओंजळीत ठेवला. मग पाकीट. मग किल्ल्या, चष्म्याचं घर, रुमाल. मनगटावरचं घड्याळ काढलं. चपला काढल्या. पँटचे दोन्ही खिसे आतून बाहेर ओढून मला दाखवले आणि काट्यावर चढले.

नर्स आकडा लिहून घेत होती. हे तिथूनच, इतक्या हळू की मला पुढं वाकावं लागलं, म्हणाले, "भ्या वाटतंया का गं?"

मी म्हटलं, "हो."

"मलाबी," ते म्हणाले. "लय."