काकूंना कोणी मारेना

मे महिन्यात अकोल्याहून लोक थंड हवेच्या ठिकाणी जातात. मी गेले नांदगाव खंडेश्वरला, कराटेच्या शिबिराला, आणि तेही दुपारच्या बसनं. सकाळची बस चुकली. सासूबाईंनी माझा कराटेचा पांढरा ड्रेस प्रेमानं धुऊन, चांगली घट्ट खळ घालून, कडक इस्त्री करून ठेवला होता. तो इतका ताठ झाला होता की बॅगेत दुमडता दुमडेना, आणि घालून पाहिला तर हात वर होईना. परत धुतला, पिळला, गच्चीवर टाकला. उन्हाची एवढी एक कृपा की तो लगेच वाळला. शिबिर सुरू व्हायच्या आधीच मी थकले होते, हे आत्ताच सांगून टाकते. नंतर तक्रार नको.

या ब्लॉगवर नेहमी देवळं, धरणं आणि खाण्याच्या जागा असतात, म्हणून थोडं माझ्याबद्दल. जठारपेठेत आमचं स्टेशनरीचं दुकान आहे. वय सत्तेचाळीस. मुलगी शाळेत असताना तिला कराटेच्या क्लासला सोडायचे आणि कठड्यावर बसून वाट बघायचे. एक दिवस क्लासचे सर म्हणाले, "ताई, बसून काय राहता, उभ्या राहा रांगेत." मुलगी पुढे शिकायला पुण्याला गेली, मी रांगेतच राहिले. ब्राऊन बेल्टपर्यंत पोचले आणि तिथंच अडकले. ब्लॅक बेल्टची परीक्षा एकदा गुडघ्यानं हुकली, एकदा सासऱ्यांच्या आजारपणानं. आता डॉक्टर म्हणतात, गुडघ्याला अजून त्रास देऊ नका. म्हणून ठरवलं होतं की ही शेवटची खेप. मिळाला बेल्ट तर मिळाला, नाही तर ड्रेस कपाटात घालून मोकळं व्हायचं. वरवर असं म्हणत होते. आतून मला तो बेल्ट हवाच होता.

अकोला ते अमरावती रस्ता आता चांगला झालाय. पूर्वी या रस्त्यानं गेलं की हाडं खिळखिळी व्हायची. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे जागा मिळणं हीच काय ती लढाई. मूर्तिजापूरला चहा बरा मिळतो, उतरून प्या. अमरावतीत उतरल्यावर गिला वडा खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नये. दही आणि चटणीत बुडवलेला तो मऊ वडा उन्हात इतका बरा वाटला की मी दुसरीही प्लेट घेतली. तिथून यवतमाळ रस्त्यानं नांदगावची बस. दोन्हीकडं काळी, भेगाळलेली मोकळी शेतं आणि खिडकीतून भाजणारा वारा. मी डोळ्यांवर ओढणी टाकून झोपले.

शिबिर सुट्टीत रिकाम्या पडलेल्या एका निवासी शाळेत होतं. पत्र्याच्या छपराचा हॉल, आवाज जास्त आणि हवा कमी देणारे कूलर, झोपायला सतरंज्या. कुणी अशा शिबिराला जाणार असेल तर आपली चादर, पाण्याची मोठी बाटली आणि बाम सोबत ठेवा. उजाडायच्या आत धावणं, मग ऊन चढेपर्यंत काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा अख्खा सराव, आणि संध्याकाळी जोडीची लढत. इथं रांग बेल्टप्रमाणे लागते, वयाप्रमाणे नाही. दहावीतली ब्लॅक बेल्टवाली पोर पुढे उभी आणि मी तिच्या मागे. मला त्याचं काही नव्हतं. पण रांग सुटली की सगळी आपल्या वळणावर यायची. "काकू, खुर्ची घ्या", "काकू, बॅग द्या इकडं." वऱ्हाडात आमच्या वयाच्या बाईला कोणी उभं राहू देत नाही.

आणि मग मीच घोळ घातला. मेसवाल्याची भाजी इतकी तिखट की लहान पोरं नुसता भात खात होती. मी माझे डबे उघडले. शेंगदाण्याची चटणी, चिवडा, सातूचं पीठ. दुसऱ्या दिवशी सरळ स्वयंपाकघरात शिरून भाकरी थापायला लागले. कुणाचं बटण लावून दिलं, कुणाच्या कपाळावर ओला रुमाल ठेवला. अख्ख्या शिबिराची काकू झाले. पाय ठणकत होते, तरी खरं सांगते, मला ते आवडत होतं.

माझ्या शेजारच्या सतरंजीवर अल्फिया झोपायची. अंजनगाव सुर्जीची, कॉलेजात शिकणारी, वडिलांचं टायरचं दुकान. ब्लॅक बेल्टच्या परीक्षेला बायकांतल्या आम्ही दोघीच. तिच्या गावातल्या एका मुलींच्या शाळेनं तिला कराटे शिकवायला बोलावलं होतं, पण अट घातली होती की आधी ब्लॅक बेल्ट आण.

"अब्बू म्हणते, एवढंच वर्ष," ती सांगायची. "जमलं तं शिकव, नाई तं दुकानावर बस. मले टायरचा वासच सहन होत नाई, काकू."

परीक्षेच्या दिवशी काता माझा बरा झाला. गुडघा कुरकुरला, पण वळला. मग लढत. जोडी अर्थातच मी आणि अल्फिया. लढतीत हाताला मोजे असतात, अंगाला ठोसा लागला पाहिजे, नुसता दाखवून चालत नाही. अल्फियाचा ठोसा सुसाट यायचा आणि माझ्या पोटापासून वीतभर अंतरावर थांबायचा. मी तिच्याकडे लाथ उचलायचे आणि हवेतूनच खाली ठेवायचे. बाजूला बसलेली पोरं टाळ्या वाजवत होती.

नागपूरहून आलेल्या परीक्षक मॅडमनी हात वर केला. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, आवाज चढवायची गरज न पडणाऱ्या.

"हे काय हळदीकुंकू चाललंय का?" त्या म्हणाल्या. "ही मुलगी तुम्हाला मारत नाही. आणि तुम्ही तरी तिला कुठं मारताय? कुणाला काय येतं ते मला दिसायला नको? दोघींचाही निकाल थांबवते. उद्या सकाळी पुन्हा लढा. उद्याही असंच केलंत, तर दोघीही नापास."

माझा चेहरा तापला. राग मॅडमचा आला, कारण दुसऱ्या कुणाचा येणं परवडत नव्हतं. माझा बेल्ट गेला तर गेला, पण या पोरीचं काय? माझ्या चटणी-भाकरीपायी तिला टायरच्या दुकानावर बसावं लागणार होतं.

ऊन उतरल्यावर अल्फिया शाळेच्या पायऱ्यांवर बसलेली दिसली. डोळे पुसत होती.

"काहून रडते वं?" मी शेजारी बसले.

"हातच नाई उठत माहा. सकाळी तुमी मले भाकर वाढली, अन् दुपारी तुमालेच मारू? अम्मीले कळलं तं ते मले घरात घेणार नाई."

"मंग मी तुले मारीन. तवा तरी उठीन हात?"

"तुमी बी नाई मारत. मले ठावं हाय."

तिचं बरोबर होतं. ती ठोसा थांबवत होती आणि मीही. पोटच्या पोरीएवढ्या मुलीच्या बरगडीत लाथ घालायला मलाही जमत नव्हतं. तेवढ्यात आमच्या क्लासचे सर आले, शिबिरात तेही शिकवायला होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं.

"ताई, उद्या लढत होईस्तोवर स्वयंपाकघरात जायचं नाही," ते म्हणाले. "अन् अल्फिया, उद्या काकू म्हणायचं नाही."

"मंग काय म्हणू सर?"

"काहीच म्हणू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी अल्फियानं माझ्याकडे पाहिलंही नाही. मेसवाल्याचे तिखट पोहे खाल्ले, पाणी पीत पीत, पण माझ्या डब्याकडे हात नेला नाही. सतरंजीही रात्रीच पलीकडे ओढून घेतली होती. असंच ठरलं होतं, तरी मला फार लागलं. वाटलं, उठावं आणि अमरावतीची बस धरावी. अंग इतकं दुखत होतं की घरी जायला तेवढं कारण पुरलं असतं. पण मी गेले तर ती लढणार कुणाशी? म्हणून मोजे चढवले.

मॅडमनी हात खाली केला आणि पहिलाच ठोसा माझ्या उजव्या बरगडीत बसला. खराखुरा. श्वासच गेला. मी गुडघ्यावर बसले. वर पाहिलं तर अल्फियाचे ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत पाणी, पण हात तसेच वर. ती थांबली नव्हती. मग मीही उठले. तिचा पुढचा ठोसा डाव्या हातानं बाजूला सारला आणि उजवा हात तिच्या पोटात घातला, अर्ध्यावर न थांबवता. तिच्या तोंडून "अम्मी" निघालं. तरी मी पुन्हा पुढे सरकले. त्यानंतर किती वेळ लढलो ते आठवत नाही. मी जास्त मार खाल्ला, हे नक्की. मॅडमनी थांबवलं तेव्हा म्हणाल्या, "कालच हे केलं असतंत तर एक दिवस वाचला असता."

एवढंच. पण दोघींची नावं पास झालेल्यांत होती.

या शिबिरात एक रीत आहे. नवा बेल्ट सर बांधत नाहीत, जिच्याशी लढलो तिनं बांधायचा. अल्फिया माझ्यासमोर वाकली. काळा पट्टा कमरेभोवती फिरवून गाठ मारायला लागली आणि मी कळवळले.

"लय लागलं का, काकू?" तिनं हळूच विचारलं. आदल्या संध्याकाळपासून पहिल्यांदा काकू म्हटलं होतं. मला हसू आलं, बरगडी दुखली, मग रडू आलं. तिला बेल्ट बांधताना डोळ्यांतल्या पाण्यानं नीट दिसेना, गाठ उलटी बसली. ती तशीच घालून तिनं फोटो काढले. जेवायला रोडगे आणि वांग्याची भाजी होती. मी एका जागी बसून खाल्लं, वाढलं कोणालाच नाही.

परतीच्या प्रवासाचं लिहिण्यासारखं काही नाही. बसभर बरगडी धरून बसले होते. घरी सासूबाईंनी निळा डाग पाहिला.

"कोनं मारलं वं तुले?"

"अल्फियानं."

"अन् तू?"

"म्या बी मारलं."

"मंग ठीक हाय," म्हणून त्या हळद गरम करायला गेल्या.

ब्लॅक बेल्ट कपाटात ठेवला. ड्रेसही धुऊन कायमचा आत घालायचं ठरलं होतंच. खरं सांगायचं तर मिळाल्याचा आनंद होता, पण दमणूक त्याहून मोठी होती. काही दिवस मी बेल्टपेक्षा तो डागच जास्त वेळा पाहिला. तो पिवळा पडायला लागला तेव्हा चक्क वाईट वाटलं. इतक्या वर्षांत मला कुणी लढण्याजोगं समजून मारलं असेल, तर ते एकदाच.

शाळा सुरू झाल्यावर एका संध्याकाळी गुडघ्यावर शेकायची पिशवी ठेवून पडले होते, तर अल्फियाचा फोन.

"काकू, इथं अंजनगावात लय गडबड होऊन राहिली. पोरी मले मारूनच नाई राहिल्या. ताई म्हणते मले! ठोसा आला का मधातच थांबते."

"तू त्याईले खाऊ घालते का?"

"अम्मीनं केलेले लाडू नेते कधी कधी."

"डबा घरी ठेवत जा."

"ते ठेवीन. पण काकू, तुमी एक दिवस येता का? आपुन दोघी लढून दाखवू. त्याईले पाहूनच समजीन."

गुडघ्याकडे पाहून नाही म्हणणार होते. अकोटमार्गे बस आहे, रस्ता ठीक आहे, म्हणजे सबबही नव्हती. कपाटातून ड्रेस काढला, पुन्हा धुतला. सासूबाई खळीचं पातेलं घेऊन बाथरूमच्या दाराशी उभ्या होत्या. या वेळी घालू दिली नाही.