बाबांनी रोखून धरलेला श्वास

अन्याय माझ्या बाबांवर झाला. उपचार सुरू होण्याच्या आठवडाभर आधी, सोमवारी सकाळी साडेअकराला, हैदराबादच्या एका चकचकीत खासगी दवाखान्यात.

त्यांच्या उजव्या फुप्फुसाच्या तळाशी गाठ होती. किरणं नेमकी कुठे मारायची, हे ठरवायला सीटी स्कॅन काढला. परदेशी माल धडाधड येऊ लागल्याची ती वर्षं. मशीन नवंकोरं, दारातच त्याचा रंगीत फोटो. ऑपरेटरने बाबांना टेबलावर निजवलं आणि म्हणाला, "चाचा, हिलना नक्को." बस्स. श्वासाबद्दल एक अक्षर नाही.

बाबा कारखान्यातले. तिथे दरवर्षी छातीचा एक्स-रे निघायचा आणि प्रत्येकावर तेच ओरडणं: सांस खींचो, रोको! बाबांच्या अंगात ते मुरलेलं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि धरून ठेवला.

मला हे कळलं किरणांच्या नवव्या दिवशी. अंबरपेठेला घरी जायला बसची वाट बघत होतो. मी सहज विचारलं, "आत भीती वाटते का हो?"

"कसली भीती? पडून राहायचं. जड गेला तो स्कॅन. श्वास कोंडला, डोळ्यांपुढे काजवे! पण सोडला नाही बघ."

"मग किरणं घेताना?"

"तेव्हा कोण सांगतंय? आणि धरू कसा, खोकला येतो ना."

मी मोर्च्यांची पत्रकं लिहिणारी मुलगी, विज्ञान शिकलेली नाही. पण छाती फुगली की आतलं सगळं खाली सरकतं, एवढं कळतं. स्कॅनमध्ये गाठ खाली सरकलेली, किरणं घेताना वर. मग नऊ दिवस किरणं पडली कशावर? चांगल्या फुप्फुसावर? यकृतावर? बसमध्ये त्यांची छाती वरखाली होताना बघत होते, आणि ते बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दारातच अडून बसले. डॉक्टर हसले, "कायकू घबराते, अम्मा? गाठ के बाजू में थोडा मार्जिन रहता."

"थोडा म्हणजे किती? दाखवा. त्याशिवाय बाबा आत येणार नाहीत."

बाबा ओशाळले. "बाई, इथेही मोर्चा काढतेस का?"

शेवटी त्यांना हलतं चित्र दाखवणाऱ्या एक्स-रेखाली निजवलं. डॉक्टरांनी किरणांसाठी चौकट आखली होती ती जागा पडद्यावर दिसत होती. बाबा साधा श्वास घेत होते आणि गाठ त्या चौकटीच्या वर हलत होती. आत यायची ती फक्त तिची खालची कड. डॉक्टरांचं हसू गेलं. माफी कुणी मागितली नाही. "नया प्लॅन बनाते," एवढंच. नवा स्कॅन झाला, या वेळी साधा श्वास चालू ठेवून, गाठीची सगळी हालचाल धरून.

आणि आधीचे नऊ दिवस? "देखेंगे." त्यानंतर बाबा खोकले की मी जागच्या जागी थिजायचे. हा खोकला गाठीचा, की त्या नऊ दिवसांचा? मला कुणीही सांगू शकलं नाही.

म्हणून आता तुम्हाला सांगते. तुमचं माणूस त्या टेबलावर निजणार असेल, तर आधी विचारा: श्वास चालू असताना गाठ कुठून कुठे जाते, पाहिलंत का? मला दाखवा. तुमच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत संमतीच्या कागदावर सही करू नका.