बरणीतल्या माशाचा रंग

संग्रहालयात त्यांना सगळे मासेकाका म्हणायचे. जाळ्यातून नवा मासा आला की तो साफ करून स्पिरिटच्या बरणीत भरायचा, हे त्यांचं काम. बरणीत गेल्यावर रंग टिकत नाही, बघता बघता मासा पांढराफटक पडतो. ताजे रंग पाहायला मिळायचे ते काकांनाच. घरी गेलं की हाताचा वास येई, म्हणून लेक लांबूनच टॉवेल फेकायची आणि दोघं हसायची.

तीच लेक शिकून त्याच संग्रहालयात लागली तेव्हा काकांना आभाळ ठेंगणं झालं. पण तिचं काम ऐकून त्यांच्या कपाळावर आठी पडली. माशाचा फोटो दाखवला की कॉम्प्युटरनंच त्याचं वर्णन करायचं: शेपूट दुभंगलेली, तोंड खालच्या अंगाला, पाठीवरचा पंखासारखा पर काटेरी. त्यासाठी आधी बरणीतल्या माशांच्या ढीगभर फोटोंवरून त्याला शिकवायचं होतं.

"बाबा, माझ्या शेजारी बसा. मी फोटो लावते, तुम्ही सांगा."

"म्हणजे माझ्याकडून शिकून ते यंत्र मलाच घरी बसवणार," काका सगळ्यांदेखत म्हणाले.

लेकीचा चेहरा उतरला. तिनं पुन्हा विचारलं नाही. तिच्या खोलीवरून जाताना काका मुद्दाम दुसरीकडे बघायचे. घरी जेवताना दोघंही टीव्हीकडे बघायची. पुढे काका निवृत्त झाले, लेकीला परगावी नोकरी लागली.

परवा काका सहज जुन्या जागी डोकावले. लेकीच्या खुर्चीवरच्या नव्या बाईंनी कौतुकानं एक फोटो लावून दाखवला. ओळी झरझर उमटल्या. सगळं बरोबर होतं. शेवटी आला रंग: पांढरट.

"हा पिवळा असतो," काका म्हणाले.

"मॅडम म्हणायच्या, रंग बाबांना विचारायला हवेत. पण राहूनच गेलं बघा."

घरी येऊन काकांनी लेकीला फोन लावला आणि मासा पिवळा असल्याचं सांगितलं.

"कसा पिवळा, बाबा? लिंबासारखा की हळदीसारखा?"

काकांनी डोळे मिटले. ओलं टेबल दिसलं, बरण्या दिसल्या. मासा दिसला तो पांढराच.

"आता नाही आठवत गं. तेव्हाच बसायला हवं होतं तुझ्याजवळ."



"असू दे बाबा. ते काम आता माझ्याकडे नाही," ती म्हणाली. "औषध घेतलंत का?"

"घेतो," काका म्हणाले.