अक्काच्या डोळ्यांखालचं काळं

माणूस आयुष्यभर जे सोसतो, ते शेवटी त्याच्या डोळ्यांखाली येऊन साठतं.

हे वाक्य मी एकेकाळी आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकात छापलं होतं, आणि ते लिहिताना माझ्या मनात माझी थोरली बहीण होती. अक्काच्या डोळ्यांखाली दोन काळसर कोयऱ्या आहेत. तिचं लवकर झालेलं लग्न, वरणगावजवळचं सासर, केळीचा मळा, चार म्हशी असं सगळं मी त्या कोयऱ्यांत वाचत आलो होतो. पुढे आईची ट्रंक आवरताना अक्काचा चौथीतला फोटो सापडला. कोयऱ्या त्यातही होत्या. चौथीपर्यंत अक्काने सोसलेली एकमेव गोष्ट म्हणजे मी.

त्या आम्हाला वडिलांकडून आल्या. मलाही आहेत. फरक इतकाच की पुरुषाच्या आणि त्यातही शिकवणाऱ्या पुरुषाच्या डोळ्यांखाली काळं दिसलं की लोक म्हणतात, ‘वाचन दांडगं दिसतं.’ जळगावात तीस वर्षं मी विद्वान समजला गेलो, त्यातला बराच वाटा या काळ्या डागांचा असावा. अक्काला मात्र लोक एकच प्रश्न विचारत आले. ‘काय वं, बरं नही का?’

तिला पाहायला आलेल्या पहिल्या पाहुण्यांनी ‘मुलगी दुखणाईत वाटते’ असा निरोप पाठवला होता. त्यानंतर दाजी आले. त्यांनी मुलीपेक्षा आमच्या विहिरीचं पाणी जास्त वेळ पाहिलं आणि होकार दिला. पण प्रश्न काही थांबला नाही. बारशाला, बाजारात, भाऊबीजेला, अगदी दुसऱ्याच्या दुखण्याला भेटायला गेली तरी खाटेवरचा माणूस आधी हिलाच विचारायचा, बरं नाही का? अक्का आयुष्यात कधी आजारी पडलेली नाही. रात्री नऊ तास झोपते, दुपारी एक तास, आणि एसटीत उभ्याने झोपलेलं मी तिला स्वतः पाहिलं आहे.

मागच्या दिवाळीत भाचीचं स्थळ धुळ्याला जमलं. साखरपुडा माघात, धुळ्यालाच करायचा ठरला. सगळं चांगलं होतं, आणि अक्का एकदम गप्प झाली. शेवटी भाऊबीजेच्या दिवशी ओवाळून झाल्यावर तिने ताट बाजूला ठेवलं.

“धुळ्याच्या बायका मले पाहतीन.”

“पाहतील की. तू मुलीची आई.”

“म्हनूनच. आई पाहिली म्हणजे पुढं पोरगी कशी दिसंन ते कळते. तुले काय समजणार? तुह्या डोळ्याखाली काळं असलं तर तू पंडित.” मग थोडं थांबून म्हणाली, “मले काही सुंदर दिसायचं नही. फक्त त्या दिवशी कोणी इचारू नये. एक दिवस. बरं नही का म्हणून एकानंबी इचारू नये, बस.”

पंचावन्न वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट. भाऊबीजेच्या साड्यासुद्धा ती स्वतःच घेऊन यायची आणि मी दिल्या असं सांगायची. म्हणून मी तिला आणि दाजींना जळगावातल्या एका त्वचेच्या दवाखान्यात घेऊन गेलो.

दवाखान्याच्या भिंतीवर ‘त्वचेचा पुनर्जन्म’ असं लिहिलेलं होतं. त्याखाली सूर्य उगवत होता आणि एक बाई डोळे मिटून त्याच्याकडे तोंड करून उभी होती. पुनर्जन्मासाठी आधी काय करावं लागतं हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे मी जरा बिचकूनच आत गेलो. पण डॉक्टरीणबाई भिंतीपेक्षा बऱ्याच साध्या निघाल्या. त्यांनी अक्काच्या डोळ्याखालची कातडी दोन बोटांनी अलगद ताणून पाहिली आणि सांगितलं, की इथली कातडी मुळातच सगळ्यात पातळ असते, अक्कांची त्याहून पातळ आहे, त्यामुळे खालच्या रक्तवाहिन्यांचा रंग वर दिसतो. थोडा खड्डा आहे, त्याची सावली पडते. क्रीमने फारसं होणार नाही. कातडीला आतून जरा बळ येईल अशी इंजेक्शनं देता येतात, पण काळं पूर्ण जाईल असं सांगता येत नाही.

“एक प्रकार माशापासून बनवतात,” त्या म्हणाल्या.

अक्का खुर्चीत मागे सरकली. तिच्या घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही.

“मासा म्हणजे पाण्यातला?”

“हो. सॅमन नावाचा. पण त्यातलं फक्त शुद्ध केलेलं द्रव्य असतं, मासा असा काही…”

“खायचा नही तो टोचायचाबी नही.”

दाजींनी मध्यममार्ग काढायचा प्रयत्न केला. “म्हशीपासून काही निघत नही का?”

डॉक्टरीणबाईंनी हसू आवरून दुसरा प्रकार सांगितला. दंडातून तुमचंच रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं, वर जो पिवळसर भाग येतो तो बारीक सुईने डोळ्यांखाली द्यायचा. महिन्याच्या अंतराने तीनदा. अक्काने यंत्र पाहायला मागितलं. पाहिल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. गावच्या डेअरीत दुधाची मलई काढतात ते असंच फिरतं.

“फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आणि टोचल्यावर सूज येते, निळं पडतं. आठ-दहा दिवस राहू शकतं. घरात काही कार्यक्रम आहे का? असेल तर आत्ताच सुरू करू.”

“नही,” अक्का आणि दाजी एकाच वेळी म्हणाले.

मी तोंड उघडलं, तर अक्काने टेबलाखालून माझा पाय दाबला. साखरपुडा होईपर्यंत सोयरीक चारचौघांत बोलायची नाही, ही आमच्याकडची पक्की रीत. दृष्ट लागते, आणि दृष्टीने भागलं नाही तर एखादा भाऊबंद जाऊन मोडता घालतो. डॉक्टरीणबाई आमच्या भाऊबंदांपैकी नव्हत्या, पण रीत ती रीत.

गाडीत बसल्यावर मी म्हणालो, “माघाला तीन महिने आहेत. लगेच सुरू करा.”

दाजी मागच्या सीटवरून मला समजावून सांगू लागले. त्यांनी केळी पिकवायचं चेंबर तीस वर्षं चालवलं. हिरवा माल आत ठेवायचा, पाचव्या दिवशी पिवळा बाहेर काढायचा, की गिऱ्हाईकापर्यंत नेमका रंगात पोचतो. त्यांच्या मते जगातल्या बहुतेक गोष्टी याच हिशेबाने चालतात.

“भाऊ, तीन महिने आधी पिकवलेला माल साखरपुड्यापर्यंत टिकंन का? काळा पडंन. माल निघायच्या पाच दिस आधी लावायचा. डॉक्टर लोक शिकेल असतात, पण त्यायनं कधी गाडी भरेल नसते.”

“दाजी, ही केळी नाहीत.”

“साल तर साल शे ना?” त्यांनी मुद्दाम धुळ्याकडचा ‘शे’ लावून म्हटलं, व्याही धुळ्याचे मिळाल्यापासून त्यांचा सराव चालू होता.

अक्का मधे पडेल म्हणून मी आरशात पाहिलं. ती झोपली होती.

अशा रीतीने साखरपुड्याला बरोबर पाच दिवस राहिले असताना अक्काच्या डोळ्यांखाली तिचंच रक्त तिला परत देण्यात आलं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं, कार्यक्रम नाही ना? दोघं पुन्हा नाही म्हणाले. मी भिंतीवरच्या सूर्याकडे पाहत राहिलो.

तिसऱ्या दिवशी मी अक्काच्या गावाला गेलो, तेव्हा कोयऱ्या गेल्या होत्या. त्यांच्या जागी दोन पिकलेली जांभळं होती. ओट्यावर शेजारच्या चार बायका बसल्या होत्या, प्रत्येकीने बिस्किटाचा पुडा आणलेला, आणि चौघी दाजींकडे पाहत होत्या. दाजींनी आयुष्यात म्हशीवर हात उगारलेला नाही. पण इंजेक्शनचं सांगितलं तर ‘कशासाठी’ हा प्रश्न येणार आणि सोयरीक फुटणार, म्हणून त्यांना गप्प बसून तो आळ सोसावा लागत होता.

“पडली व्हती का वं?” एकीने विचारलं.

“हो,” अक्का म्हणाली.

“दोन्ही डोळ्यांवर?”

“हो.”

दाजी उठून गोठ्यात गेले. त्या आठवड्यात गावात त्यांना कुणी चहा विचारला नाही.

आत गेल्यावर अक्काने मला आरसा दाखवला. “पहिले लोक इचारायचे, बरं नही का. आता इचारतीन, जिती कशी राहिली. मी जात नही धुळ्याले. तू सांगून दे, अक्का आजारी हाये म्हणून.” आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन तिनेच कपाळावर हात मारला. मी तिच्याशेजारी बसून शेजारणींची बिस्किटं खाल्ली. तिनेही दोन खाल्ली.

पाचव्या दिवशी सकाळी जांभळाचा कडेचा रंग उतरला आणि दोन्ही डोळ्यांखाली हिरवट पिवळी झाक आली. दाजींनी तिला दारात उजेडाला उभं केलं, मान इकडे तिकडे वळवून पाहिली.

“पिवळं,” ते म्हणाले. “बरोबर पाचवा दिस.”

मार लागलेली जागा पाचव्या दिवशी पिवळी पडतेच, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्या आठवड्यात त्यांना मिळालेला तो एकमेव आधार होता.

भाचीने आईला समोर बसवून अर्धा तास खपून डोळ्यांखाली मेकअपचे तीन थर चढवले. खरंच काही दिसेना. पिवळं नाही, काळं नाही. अक्काने आरशात पाहिलं आणि पहिल्यांदा तिची मान ताठ झाली. मग आम्ही निघालो. भाची आणि दाजी दुसऱ्या गाडीत, अक्का माझ्या गाडीत मागे. जळगाव सुटेपर्यंत ती ताठ बसली होती. एरंडोलच्या आधी मान सीटवर टेकली. पारोळ्याला ती उजव्या गालावरून डाव्या गालावर वळली. धुळ्याला हॉलसमोर गाडी थांबली तेव्हा तीनही थर सीटच्या कव्हरवर होते आणि अक्काच्या डोळ्यांखाली मूळ माल जसाच्या तसा उघडा पडला होता. वर झोपेने डोळे लाल.

मी काही बोलायच्या आत दार उघडलं गेलं. समोर विहीणबाई उभ्या होत्या. आडव्या बांध्याच्या, मोठ्या आवाजाच्या. त्यांनी अक्काचा चेहरा पाहिला, पुसलेला मेकअप पाहिला, लाल डोळे पाहिले. अक्काने डोळे मिटून घेतले. प्रश्न येणार होता.

विहीणबाईंनी तिला दोन्ही हातांनी कवेत घेतलं.

“माय वं! किती रडनी व्हई बहीण! पोरगी जाई म्हनीसन डोया कश्या करी लिन्ह्यात!” आणि मागे उभ्या असलेल्या बायकांना ओरडून म्हणाल्या, “देखा वं, याले म्हनतस माय! रस्ताभर रडत उनी!”

बायकांचे डोळे भरून आले. एकीने पाणी आणलं. एक म्हातारी अक्काच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दिवसभर तिच्याभोवती गर्दी होती. ‘आमची सून अशा घरातली’ हे विहीणबाईंनी इतक्या जणांना सांगितलं, की अंगठी घालायच्या वेळी फोटोवाल्याने मुलामुलीआधी अक्काचा फोटो काढला. तिला आजारपणाबद्दल कुणीही, एकदाही विचारलं नाही. मला विचारलं. व्याह्यांनी जेवताना हळूच म्हटलं, “मामासाहेब, तुमनी तब्येत बरी शे ना?”

परतताना अक्का मागून पुढे वाकली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

“एकानंबी इचारलं नही! मी मोजत व्हते. लागू पडलं रे इंजेक्शन!” मग जरा विचार करून, “पण ती रडली रडली काहून म्हणत व्हती? मी कधी रडले?”

“तिकडची बोलायची पद्धत आहे,” मी म्हणालो.

उरलेली दोन वेळची इंजेक्शनं तिने पुढे नीट, वेळेवर जाऊन घेतली. डॉक्टरीणबाईंना आता कार्यक्रम असल्याचं सांगितलं. साखरपुडा झालेला होता. फरक पडला. कोयऱ्या गेल्या नाहीत, फिक्या झाल्या, चांगल्या उजेडात शोधाव्या लागतात.

वैशाखात लग्न झालं. पंगती उठल्यावर विहीणबाई माझ्याजवळ आल्या, समोरच्या खुर्चीतल्या अक्काकडे बराच वेळ पाहिलं, आणि पदराने डोळे टिपून म्हणाल्या, “देखा भाऊ. पोर सुखमा पडनी, मायना डोयाखालनं काळं गयं. इतला महिना ती माऊलीले नींद नव्हती.”

मीही अक्काकडे पाहिलं. ती मंगलाष्टकांपासून झोपलेली होती.